निळं पाणी

सकाळचे सहा. केमीत अजून रात्रच आहे.
नोव्हेंबरात इथे उजाडतं ते
दिवा लावावा की नाही, अशा विचारात कुणी बसावं, तसं.
मी गाडी बाहेर काढते.
चाक कुरकुरतं. तिसरं.

संडासाचं पाणी निळं,
भांड्यांचं पिवळं, वर चक्क लिंबाचं चित्र.
हे चित्र ज्याने काढलं
त्याची आई अशा घरात नसणार.

नियम सोपे आहेत, भिंतीवर लावलेत:
जिन्नस मूळ डब्यातच. कपाटाला कुलूप.
गाडी नजरेआड करू नये.
किल्ली कमरेला.
मला तोंडपाठ आहेत, सगळ्यांनाच आहेत.
तरी मार्चमध्ये दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी
उरलेलं निळं पाणी रसाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं.
जुनी बाटली गळत होती, इतकंच कारण.

हिल्काला ते ब्लूबेरीचं वाटलं,
लहानपणी जंगलातून बादल्या भरून आणायची ती.
एकच घोट.
वाचली. आवाज मात्र परतला नाही.
आता ती ओठ हलवते, आम्ही हो म्हणतो.

कुणी भरली बाटली, असं विचारलं तेव्हा
आम्ही सगळ्याजणी जमिनीकडे पाहत होतो.
जमीन स्वच्छ होती.

आज बारा नंबरात चादर बदलताना
मागे पावलं वाजली. ऊर्हो.
एकतीस वर्षं कागदाच्या लगद्याच्या गिरणीत, ब्लीचिंग खात्यात.
पोटच्या मुलीला विचारतो, आपण कोण.
बूट हातात घालू पाहतो.
त्याच्यासारख्यांसाठीच तर कुलूप.

दारात थांबला, नाक वर करून,
कुत्रं वाऱ्याचा अदमास घेतं तसा.
"क्लोरीन," म्हणाला. "कुणाचं तरी झाकण सैल आहे."
"काही नाही, चला, कॉफी घेऊ."
हलेना.

मग गेले बघायला.
कपाटाचं दार बोटभर उघडं,
किल्ली कुलपातच लोंबकळत.
माझी. माझ्या कमरेला नुसती कडी.

झाकण आवळलं. कुलूप लावलं. ओढून पाहिलं.
मागून येऊन त्यानेही ओढून पाहिलं,
मुकादमाच्या हाताने,
आणि मान डोलावली.
मग विचारलं, पाळी संपली ना,
घरी न्यायची बस कधी येते.

"येईल," म्हटलं.

नोंदवहीत लिहिलं:
कपाट उघडे आढळले, सहा चाळीस.
कुणाला आढळले, याला रकाना नाही.
कुणी उघडे ठेवले, यालाही.
समासात दोन नावं लिहिली,
त्याचं आधी.