बारा वाजताचा हात

शनिवारी सकाळी कादिसला उतरले तेव्हा
लेवांते सुटला होता, पूर्वेचा, कोरडा, डोक्यात शिरणारा.
टॅक्सीवाला म्हणाला, पोरी, तीन दिवस हा असाच.
या वाऱ्यात आम्ही भांडणंसुद्धा पुढे ढकलतो.

माझ्याकडे यादी होती,
कोर्दोबाच्या वसतिगृहात जागून केलेली,
लाल शाई म्हणजे फुकट, निळी म्हणजे तिकीट.
किल्ला लाल. कॅथीड्रल निळं.
बुरूज निळा, पण विद्यार्थ्यांना सवलत.
मी तेरुएलची, डोंगरातली.
समुद्र कुठल्या शाईत लिहावा कळेना,
तो राहूनच गेला.

बुरुजाच्या माथ्यावर अंधारी खोली.
छतात भिंग, वर आरसा, मधोमध
गावजेवणाच्या परातीएवढी पांढरी तबकडी.
चारो नावाच्या गाईडनं दार लावलं, दोरी ओढली
आणि परातीत शहर सांडलं.
जिवंत. बिनआवाजाचं.
मोहरीएवढे पक्षी, तांदळाएवढी बोट.
चारो कागदाच्या कपट्यावर रस्त्यातली माणसं उचलून दाखवत होती,
सांगत होती गलबतं, चांदी, कुठल्या व्यापाऱ्याचा कुठला मनोरा,
आणि मी पाहत होते एक गच्ची.
दोरीवर एकच चादर.
वाऱ्यानं तिला ओढलं, पुन्हा ओढलं,
सुटली.
परातीच्या काठापर्यंत आली
आणि जगाबाहेर पडली.

खाली ती सापडली, कडू संत्र्याच्या झाडात.
निळी किनार, कोपऱ्यात भरलेली दोन अक्षरं.
चौथ्या घरी दार उघडलं.
दोन कासिमिरो. गोदीतून निवृत्त.
पायांत दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या सपाता.
म्हणाला, आता वरपर्यंत चल, एकट्याला घडी जमत नाही.

एक टोक त्यानं डाव्या हातात धरलं,
दुसरं हनुवटीखाली.
उरलेली दोन माझ्याकडे.
मधल्या मधे वाऱ्यानं शीड उभारलं
आणि आम्ही दोघं हसत हसत
गच्चीसकट निघालो कुठेतरी.

मग तो म्हणाला, तो बघ बुरूज.
तिथून बघतात ना आम्हाला?
पिलारनं सुरू केलं होतं, बाराच्या ठोक्याला हात करायचा.
परक्या गावात कुणीतरी हात केलेला बरा, म्हणायची.
ती गेली. मी चालू ठेवलंय.
आज तू होतीस ना? दिसला माझा हात?

बारा वाजता मी तिथेच होते.
बारा वाजता मी चादर पाहत होते.
दिसला, म्हणाले.
कुठला? डावा की उजवा?
उजवा.

तो नुसता हसला.
तळलेल्या माशांचा पुडा माझ्याकडे सरकवला, डाव्या हातानं,
लिंबू पिळलं, डाव्या हातानं,
आणि तेव्हा कुठे मला त्याचा उजवा दिसला,
मांडीवर, पालथा, केव्हापासूनचा निजलेला.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात.
मी तर न पाहताच करून घेतलं.
मासा गरम होता. जीभ भाजली. बरं झालं.

रविवारी कॅथीड्रल बाहेरूनच पाहिलं.
रात्रीच्या जेवणाचे पैसे मोजून
पुन्हा बुरुजाचं तिकीट काढलं, बाराचं.
वारा पडला होता, पश्चिमेकडून ढग.
आज चित्र फिकं येणार, चारो म्हणाली,
ढगांना मी काय करू?

परात राखाडी. समुद्र आणि आभाळ एकाच पाण्यात धुतलेलं.
गच्ची शोधायला वेळ लागला.
चादर होती. चिमट्यांवर चिमटे लावलेली.
तिच्याशेजारी काहीतरी हललं,
हात असेल. चादरीचा कोपरा असेल.
एखादा पक्षीही असेल.

मी अंधारात हात वर केला.
मागच्या बाईंच्या चष्म्याला लागला, त्या पुटपुटल्या.
खाली घेतला नाही.
दार उघडलं, उजेड आला,
सगळे माझ्याकडे पाहत होते.
हां, विचार ना, चारो म्हणाली,
काय प्रश्न आहे तुझा?