नग : एक

गेटपासवर लिहिलं होतं :
नग एक. कॉपियर मशीन, चालू स्थितीत. ट्रे दोनचं झाकण मोडकं.
खाली गोडांबे मॅडमची सही, गोल शिक्का,
आणि वॉचमनने टाकलेली वेळ, पावणेसहा.
लिफ्टमध्ये मावेना, म्हणून एरंडवण्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरून
चौघांनी जिन्याने उतरवलं.
दुसऱ्या वळणावर इलाही टेकला, म्हणाला,
लई जड आहे राव, पोटात काय आहे याच्या?

पासोड्या विठोबाच्या मागच्या बोळात
माझं दुकान म्हणजे एक टेबल आणि दीड खुर्ची.
मागची प्लेट काढली. चार स्क्रू, एकाची खाच गेलेली.
आत डबी, तळहाताएवढी.
लोकांना वाटतं कागद आत जातो, बाहेर येतो,
काच पुसली की झालं.
काच विसरते. डबी नाही.

केबल लावली. कुलूप नव्हतंच,
लावायचं असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा
या असणारच, कर्जाचं ऑफिस ते.
पण बायॉप्सीचा एक रिपोर्ट, दोन प्रतींत.
एक रजेच्या अर्जाला असेल; दुसरी?
कुणा सरपोतदारांचा राजीनामा, तीनदा काढलेला :
पहिल्यात राग, दुसऱ्यात आभार,
तिसऱ्यात नुसती तारीख.
गोडांबे मॅडमच्या मुलाची दहावीची मार्कलिस्ट,
गणितात छत्तीस,
ऑफिसच्या टोनरवर, ऑफिसच्या वेळेत.
मग एक अख्खं पान, सह्यांचे नमुने,
एकेका नावापुढे तीन-तीन, खातेक्रमांकासकट.
तिथे मात्र माझ्या पोटात गोळा आला.

तरी वाचत राहिलो. खोटं कशाला बोलू?
चहावर साय धरली, तोवर वाचत होतो.

तेवढ्यात त्याचा फोन.
महिन्यातून एकदा येतो, कडक इस्त्रीचा शर्ट,
नाव सांगत नाही, पावती मागत नाही.
मशीन विक कुणालाही, म्हणाला,
मला डबी दे. पुसू नकोस फक्त.
मशीनच्या दुप्पट देतो.
दुकानाचं भाडं तीन महिन्यांचं थकलेलं,
हे त्याला कसं कळलं, देव जाणे.
बघतो, म्हटलं.
नाही, असं नाही म्हटलं. बघतो म्हटलं.

शेवटून दुसरी फाइल लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची,
नऊ वाजून दहा मिनिटं.
ऑफिस बंद असणार, अख्खी इमारत घरी गेलेली.
पानावर एक हात.
लहान, बोटं फाकलेली,
काचेला दाबून दाबून चपटी झालेली.
कडेला मोठं मनगट, त्यावर गणवेशाची बाही,
बटण तुटलेलं.
आणि शेवटचं पान नुसतं काळं.
झाकण उघडं ठेवलं की तसंच येतं.
हसले असतील दोघं त्यावर.

ड्रिल मशीन खालच्या खणात असतं.
तीन भोकं पाडली.
तिसऱ्याला आतली चकती तडकली,
चांदीसारखा चुरा टेबलभर झाला.
इलाही म्हणाला, येडा का काय तू?
मी फडक्याने चुरा गोळा करत राहिलो.
इस्त्रीवाल्याला सांगितलं, डबी आधीच जळालेली होती.
हं, म्हणाला. पुढच्या खेपेला बघू.

चार दिवसांनी गोडांबे मॅडमचा फोन.
तुमचा चेक तयार आहे, घेऊन जा.
आणि काय हो, आमचं मशीन लागलं का कुठे कामाला?
लागलं, म्हटलं. भोसरीत, एका वर्कशॉपमध्ये.
बरं झालं, म्हणाल्या, फार साथ दिली हो त्याने.
त्यांचा आवाज इतका मोकळा,
की माझ्या तोंडावर आलंच होतं :
मुलाने मग कॉमर्स घेतलं का?

ओठ मिटले.
मॅडम म्हणाल्या, हॅलो?
हॅलो, आवाज जातोय का तुमचा?