पंपाचं इंजिन

रिंग सिलिंडरात सोडली
तर वाळलेल्या बोटातून अंगठी गळावी
तशी खाली गेली.
बस्त्याव मेस्त्रीनं फटीत काडेपेटीची काडी घातली.
गेली.
दुसरी घातली, तीही गेली.
तिसरी घेऊन तो शेडबाहेर पडला,
पेट्रोलपासून मोजून वीस पावलं,
बिडी पेटवली
आणि तिथूनच ओरडला, संपलं हे.

वडाळ्याच्या गोदी लाइनीवरची ट्रॉली ती.
चार चाकं, एक बाक, छत्री रोवायला एक खोबण
आणि बाकाखाली एकुलता एक सिलिंडर.
सकाळी दोरी नऊदा ओढायची.
दहाव्यांदा लाडक्या भोये ओढायचा,
त्याच्या खांद्याला भिऊन
इंजिन खोकत उठायचं.

मी नवी होते तेव्हा. अप्रेंटिस.
मोजायला सांगितलं की मोजायचे.
वहीत लिहिलं : बोअर पाऊण मिलिमीटरनं मोठं.
मग राहवलं नाही, विचारलं,
एवढं लोखंड गेलं कुठं, मेस्त्री?
तो जाळीवरची काजळी खरवडत होता.
म्हणाला, शिवडी ते रावळी.
धुरातून थोडं थोडं सांडलंय.
तुला वेळ असला तर गोळा करून आण.

कुळसंगे साहेबांनी तीन पत्रं लिहिली.
चौथ्याला उत्तर आलं :
सदर बनावटीचे इंजिन उपलब्ध नाही,
स्थानिक खरेदी करावी.
म्हणून नागदेवी स्ट्रीटवरून
भुशाच्या खोक्यात हे आलं. हिरवंगार,
टाकीवर ज्वारीचं कणीस छापलेलं.
विहिरीतून पाणी ओढायला जन्मलेलं पोर
खाडीच्या वाऱ्यात आणून बसवलं आम्ही.
त्याचे पाय चार, चौकटीची भोकं चार,
एकाचं एकाशी पटेना.
दोन दिवस मी लोखंडी पट्टी घेऊन बसले,
पंच मारला, ड्रिल लावलं,
चुरा पापणीत गेला,
लाडक्यानं धोतराच्या सोग्यानं काढला.

तिसऱ्या दिवशी त्यानं दोरी धरली,
पाय रोवले, दम घेतला,
आणि पहिल्याच ओढीला चालू!
सगळे ओरडले.
लाडक्या मात्र
हातातल्या दोरीकडं बघत राहिला,
जेवायला बोलावून कुणी
दारातच डबा हातात द्यावा, तसा.

साहेब बाकावर बसले, मांडीवर फाईल.
मेस्त्रीनं क्लच सोडला
आणि ट्रॉली निघाली मागे,
साहेबांना पाठमोरं घेऊन, ऐटीत,
शेडच्या भिंतीपर्यंत.
जुनं कसंही फिरायचं, म्हणाल तिकडं.
हे एकमार्गी.
विहिरीवर कुठं जायचं असतं त्याला?

इंजिन उलटं बसवावं
तर पट्टा साहेबांच्या पोटरीला लागतो.
भोकं पुन्हा? मी वही मिटली.
तेव्हा लाडक्या म्हणाला,
अवो, मंग गाडीच फिरवा ना.
चौघांनी उचलली, पालखीसारखी नाही,
भरल्या कपाटासारखी, शिव्या देत,
आणि फिरवून रुळावर ठेवली.
बाकाची पाठ काढून पलीकडं ठोकली.
एवढंच झालं की ब्रेक डावीकडं आला.
अजून रावळीचं वळण आलं
की मेस्त्रीचा उजवा हात जातो हवेत,
जिथं सव्वीस वर्षं दांडा होता.

आणखी एक.
ते जुनं, आमच्या आधी पोचायचं.
चावीवाला हातोडा थांबवायचा,
बाजूला व्हायचा, चहाची किटली उचलायचा.
हे गरीब, घशातल्या घशात बोलतं.
पहिल्या फेरीला सुभान चावीवाला
रुळावर वाकलेलाच होता.
मेस्त्रीचा हात हवेत, मग डावीकडं,
चाकं किंचाळली.
दोन हातांवर थांबलो.

आता बाकाखाली एक घंटा बांधलीय.
लाडक्याचं काम ते.
दोरी ओढतो, खांद्यापासून,
गरज नसेल तिथंसुद्धा.