कंगवा

डेल्मर, बसच्या मागच्या चाकाच्या सावलीत
एक पिल्लू सापडलं.
मे महिना, दुपारचे साडेतीन. सावली ती केवढीशी,
चाकाएवढीच,
आणि तीही सरकत चाललेली.
मुलं उतरून गेली तरी ते हललं नाही.
मला आधी वाटलं, चिंधी आहे.

अंगभर तपकिरी ठिपके, आपल्या टेपारी घेवड्याच्या दाण्यांसारखे,
म्हणून टेपारी.
नाव मुलांनी ठेवलं. मी नुसती नावं ठेवत होते :
पोट बघा कसं नगाऱ्यासारखं, कानात गोचिडीच गोचिडी.
चिमट्यानं काढून रॉकेलच्या डबीत टाकल्या.
एकतीसपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं.

एक गुरुवार सोडून एक, शाळेच्या मैदानात
जनावरांच्या दवाखान्याची गाडी येते.
डॉक्टर म्हणजे पोरगीच, इमोजेन, उन्हानं नाक सोललेलं.
म्हणाली, तीन सुया. तिन्ही होईपर्यंत
हिचा पाय बाहेरच्या मातीला लागता कामा नये.
ल्युसिंडाच्या अंगणात तर मुळीच नाही.
तिथे गेल्या साली दोन पिल्लं रक्त हगून गेली,
आणि तो रोग मातीत वर्षभर
दम धरून बसतो म्हणे.

वाळवंटात राहायचं आणि मातीला पाय लावायचा नाही!
मी हसले.
आणि मग नऊ आठवडे तिला कडेवर घेऊन फिरले.
चोपन्नाव्या वर्षी, डेल्मर,
माझ्या कडेला सवय लागली.

आता चालते ती. पण रस्त्यावर आधी माझा हात :
मागची बाजू डांबरावर टेकवायची आणि सात मोजायचे.
आईच्या भाषेत मोजते मी,
इंग्रजी आकडे फार लवकर संपतात.
चारला हात उचलावा लागला, की माघारी.
ऑगस्टात सूर्य उगवल्यावर तासाभरातच
पाचाच्या पुढे जाता येत नाही.

संध्याकाळी पाण्याचा वाडगा घरात.
नाहीतर रात्री त्यात बेडूक बैठक मारतो,
तो हिरवा, मुठीपेक्षा मोठा. नुसता चाटला तरी
कुत्र्याच्या तोंडाला फेस.
लहानपणी तू एकाला बुटात पाळला होतास.
आईनं बूट फेकून दिला,
एकच.

परवा चोया निवडुंगाचा गोळा तिच्या पंजात बसला.
दातानं उपटायला गेली, तर ओठात.
हात लावावा तर माझ्याच बोटांत.
त्याला कंगवा लागतो. खाली सरकवायचा
आणि एका झटक्यात उडवायचा.
माझ्याकडे कंगवा नव्हता.
तू गेल्यावर केस कापले, ते मी वाढू दिले नाहीत.

आरशामागे तुझा होता. काळा,
दोन दात पडलेला, तीन केस अडकलेले.
दोन वर्षं मी तो आरसा पुसते,
कंगव्याच्या कडेकडेनं पुसते.

गुडघ्यांत तिला आवळून धरलं. एक झटका, पंजा.
दुसरा, ओठ. गोळा भिंतीवर जाऊन चिकटला.
ती इतकी ओरडली की ल्युसिंडा झाडू घेऊन धावत आली,
आणि दारातच थांबली,
कारण रडत मी होते.

कंगवा परत आरशामागे ठेवला नाही.
बसमध्ये असतो, गिअरच्या शेजारी.
लागतो.
त्यात तुझे केस कुठले, तिचे कुठले,
मी बघत नाही.

एकच गोष्ट राहिली. ती खोकते.
मार्च-एप्रिलातली धूळ, तीच, तुझ्या छातीत शिरलेली.
इमोजेननं नळीभर रक्त नेलंय, निकाल गुरुवारी.
म्हणाली, कुत्र्यांना होतो तो ताप, गोळ्या आहेत,
वेळेत कळलं तर बहुतेक निभावतात.
वेळेत, म्हणाली.
तुझं आम्ही किती महिने सिगारेटवर ढकललं.

रात्री कूलर घरघरतो. ती माझ्या चपलांवर झोपलेली.
एकदा खोकते.
मी उठून बसते,
दुसऱ्याची वाट बघत.