नोंदणीकृत कार्यालय

सही गेली, एवढंच.
बाकी सगळं जागेवर आहे.
भोसरीची शेड, तिन्ही पाळ्या, सकाळी सातचा भोंगा.
पंप बनतात, क्रेटमध्ये बसतात, जातात.
कुणाचीही नोकरी जाणार नाही, असं पत्रकात होतं.
ते पत्रक मीच टाइप केलं,
म्हणून मला माहीत आहे
‘सध्या’ हा शब्द कितव्या ओळीतून खोडला ते.

आधी चेन्नईवाल्यांनी आम्हाला घेतलं,
मग चेन्नईवाल्यांना गुरुग्रामनं.
विलीनीकरण.
मिठाचा खडा टाका पाण्यात आणि पाण्याला विचारा,
ते म्हणेल, मला तर काही झालं नाही.

बोर्ड उतरवायला तांबोळी पेंटर आला.
त्याच्या वडिलांनी रंगवलेला,
‘तामसे पंप्स’मधल्या ‘म’ची गाठ जरा फुगीर,
पहिल्या साहेबांना आवडली म्हणून तशीच राहिलेली.
बोर्डामागे भिंत निघाली फिकट पिस्ता रंगाची.
तेवढा चौकोन आता तसाच आहे.
रंगाला मंजुरी लागते, मंजुरी पोर्टलवर,
पोर्टल म्हणतं, ठिकाण निवडा.
पुणे सापडलं शेवटी,
‘इतर साइट्स’च्या खाली, पंतनगरनंतर.

मोघ्यांच्या छापखान्यात अहवाल छापायचा.
जूनमध्ये त्यांची सूनसुद्धा प्रुफं वाचायला बसायची.
रास्ता पेठेतल्या बुद्धिबळ स्पर्धेला करंडक आमचा.
यंदा मुलं खेळली म्हणे,
करंडक फुलपात्राएवढा.

आणि वार्षिक सभा.
कचोरी, वेफर्स, आंब्याची एक वडी,
आणि पहिल्या रांगेत गजानन विष्णू हर्डीकर.
वय एक्क्याऐंशी, शेअर पंचवीस.
अहवालात पेन्सिलीच्या खुणा.
“पान चौसष्ट, तळटीप अकरा,
हे कर्ज कुणाच्या मेव्हण्याला?”
अध्यक्ष पाणी प्यायचे,
पाणी पिऊन मग उत्तर द्यायचे.
पंचवीस शेअरांपुढे घाम फुटलेला माणूस
मी डोळ्यांनी पाहिलाय.
काय करणार, राहायचं याच गावात,
उद्या सकाळी कमला नेहरू पार्कच्या दुसऱ्या फेरीत
हर्डीकर समोरून येणारच.

यंदा सभा पडद्यावर झाली.
हर्डीकर अकरा मिनिटं बोलले.
आवाज बंद होता, त्यांना कुणी सांगितलं नाही.
हात तेवढा हलत होता, पेन्सिलीसकट.
ठराव क्रमांक चार, संमत.

दुसऱ्या दिवशी ते दोन बस बदलून भोसरीला आले.
लिफाफ्यावर सुवाच्य अक्षरात, ‘कंपनी सचिव, पुणे’.
म्हटलं, काका, सचिव आता इथं नसतात.
“शिक्का आहे ना?”

शिक्का होता.
ड्रॉवरच्या तळाशी, रबर बँडांत गुंडाळलेला.
पॅड वाळून खडक,
पाण्याचे दोन थेंब टाकले,
तारखेचं चाक फिरवलं, तर साल तीन वर्षांमागेच संपलेलं.
साल पेननं लिहिलं.
आवक, तामसे पंप्स लिमिटेड, पुणे २६.
फिका उठला, पण उठला.
त्यांनी पोच चष्म्याजवळ धरून वाचली,
‘पंप्स’वरचा अनुस्वार तपासला,
चौघडी करून खिशात ठेवली
आणि बसस्टॉपकडे निघाले,
जिन्याच्या कठड्यावर एकदा हात ठोकत,
आपल्या मालकीचा तुकडा नेमका कुठला
ते बघावं तसे.

लिफाफा माझ्या टेबलावर आहे.
स्कॅन करून पाहिला, पोर्टल घेत नाही,
विषय निवडा म्हणतं,
आणि यादीत ‘प्रश्न’ असा विषय नाही.

तीन वाजले.
दुसरी पाळी डबे घेऊन आत येतेय.