दुभाषीची दुरुस्ती

नियम पहिला: तो 'मी' म्हणाला, की मीही 'मी' म्हणायचं.
म्हणून सकाळी नऊपासून मी सखीदाद आहे,
वय एकोणीस, काम गवंड्याचं, गाव जागोरीकडचं.
मी ट्रकच्या ताडपत्रीखाली झोपलो.
मी वानच्या बाजारात बूट विकले.
मी नदीत उतरलो.
स्तमातिया बाई टाइप करतात, दोनच बोटांनी, पण अचूक.

खिडकीबाहेर लसणाची शेतं,
विजेच्या खांबावर करकोच्याचं घरटं,
आणि झाडांची रांग संपते तिथे ती.
इकडे तिला एव्रोस म्हणतात, तिकडे मेरिच.
मी दोन्ही नावं नीट उच्चारते.
त्याचाच पगार मिळतो मला.

तारीख?
अक़रबची बारावी, तो म्हणतो.
अक़रब म्हणजे विंचू. तो लागतो तेवीस ऑक्टोबरला.
कागदाच्या कोपऱ्यात मी आकडे मांडते, हातचा एक धरते:
तीन नोव्हेंबर.
एका दिवसाने चुकले, तर वर्षभराने कुणीतरी विचारेल,
दोन वेगळ्या तारखा का सांगितल्यात?
ते मला नाही विचारणार.

होडीत किती जण होतात?
सात.
या काठावर किती उतरलात?
पाच.
आणि धाकटा भाऊ, यावर?
टेबलाच्या कडेचा निघालेला पापुद्रा
तो नखाने उचकटत राहतो. मग म्हणतो,
आबय बुर्द.

मी हेरातची. आमच्याकडे आब म्हणजे पाणी.
मी म्हणाले: त्याला पाण्याने नेलं.

बाईंची बोटं थांबली.
त्यांनी पेला त्याच्याकडे सरकवला,
आणि आपण काय सरकवतोय ते लक्षात येऊन
अर्ध्यातच हात मागे घेतला.
मग ओळ टाइप केली. पूर्णविराम दिला.

तो पुढे बोलत होता. शिट्ट्या, कुत्री,
कुणीतरी त्याचा मोबाइल बुटाखाली चिरडला.
मी बोलत होते त्याच्याबरोबर, पण अडकले होते मागेच.
त्याच्या डोंगरातल्या बोलीत
आबय म्हणजे आई.

आईने नेलं.
होडीत पाणी शिरलं तेव्हा
ती पोराला पाठीशी बांधून मागे फिरली,
जो काठ जवळ होता त्या काठाकडे.

इथे मी गप्प राहिले, हे कबूल करते.
बुडालेल्या भावाला फाइलीत वजन असतं.
परत गेलेला भाऊ म्हणजे नवे प्रश्न:
परत कसा गेला? म्हणजे तिकडे धोका नव्हता?
आणि मी बोलले नसते तर कळणार कुणाला?
त्यालासुद्धा नाही. त्याला ग्रीक येत नाही.

माझं नाव परवाना.
आईने ठेवलं ते दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगावरून.
कचेऱ्यांत त्याच शब्दाचा अर्थ परवानगीचा कागद.
आठ वर्षं मी त्या दुसऱ्या अर्थासाठी रांगेत होते.

नियम सातवा: स्वतःविषयी बोलायचं झालं,
तर 'मी' म्हणायचं नाही.

मी हात वर केला.
म्हणाले, दुभाषी चुकली आहे.
पाणी नाही. आई.

अडीच मिनिटं, फार तर तीन,
एक मुलगा ग्रीक भाषेत बुडालेला होता.
ती ओळ खोडता येत नाही, संगणक खोडू देत नाही.
बाईंनी खाली लिहिलं, दुरुस्ती,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
विचारा, आई आता कुठे आहे.

विचारलं.
त्याने हनुवटीने खिडकी दाखवली:
लसूण, करकोचा, झाडं.
ओंजा, तो म्हणाला. हा शब्द मला ठाऊक होता.

मी म्हणाले, माझी आई तिथे आहे.

तिथे म्हणजे? बाईंनी विचारलं.
गावाचं नाव लागेल. एकेक अक्षर सावकाश सांगा.