आणि इतर

त्या दिवशी सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.
एप्रिलचं सोलापूर, दुपारचे चार,
सत्वशीलाच्या ओसरीवर पंखा ऊनच ढवळत होता
आणि बोळाच्या टोकाला मागांचा खडखडाट,
ज्यात प्रार्थना करायची आम्हाला सवय आहे.

ती म्हणाली, प्रभू,
आमच्यात कुणाचा हात घसरला असेल
तर तिला क्षमा कर.

भगिनी मंडळाचा डबा माझ्याकडे होता.
मूठ-मूठ ज्वारी विकून जमवलेल्या पैशांत
अकराशे चाळीस कमी भरत होते.
मी डोळे उघडले.
चौदा बायका, डोक्यावर चौदा पदर,
एकीचीही पापणी हलली नाही.

भांडणाला उत्तर देता येतं.
नळावर, रेशनच्या रांगेत
दिलंय मी, तोंड भरून.
प्रार्थनेला काय उत्तर द्यायचं?
मध्ये बोलता येत नाही.
शेवटचा एकच शब्द आपल्या वाट्याचा असतो,
तो मी म्हटला.
आमेन.

त्यानंतर दोन नाताळ गेले.
ती डावीकडच्या बाकावर, मी खांबाआड.
प्रभुभोजनाचा प्याला
तिच्या हातून माझ्याकडे येऊ नये म्हणून
किती जणींना मी पुढे घातलं!

पाळकीणबाईंनी एकदा आम्हा दोघींचे हात धरून
एकमेकींत ठेवले, सगळ्यांसमोर.
टाळ्या झाल्या. चहा झाला.
तिचा हात घामेजलेला, माझा गार.
दोन्ही हात आपापल्या घरी गेले.

मग हंगामाचा सण आला.
विक्रीला शेंगाचटणी,
आणि तीही मिक्सरची नको, उखळातलीच.
बाकीच्यांचे खांदे विड्या वळून कधीच गेलेले,
मुसळ पेलणाऱ्या आम्ही दोघीच उरलो.

एका उखळात दोन मुसळं.
तिचं वर तेव्हा माझं खाली.
तिथं रुसून चालत नाही,
रुसलं की मुसळावर मुसळ आदळतं, मनगट जातं.
अर्धा तास आम्ही नुसता श्वासांचा हिशेब ठेवला.
लसूण पडला, तिखट उडालं,
दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं
आणि कशाचं हे विचारावं लागलं नाही.

मी म्हटलं, ती प्रार्थना
आता डोळे उघडे ठेवून म्हण.

मुसळ तिनं थांबवलं नाही.
"पैसे तू घेतली न्हाईस. मला तवाबी ठाऊक होतं."
धप्.
"मग?"
"माझा इम्मानुएल सिव्हिलला होता.
आजाऱ्यांची यादी तू वाचालतीस.
पाय मुरगळलेल्या रत्नमालेचंसुदिक नाव घेतलीस,
आन माझ्या पोराला म्हणालीस,
आणि इतर."

मला आठवेना.
मग आठवलं.
दारूनं लिव्हर गेलेल्याचं नाव
वेदीपुढं कसं घ्यायचं म्हणून
जीभ वळवली होती मी,
चिखल बघून पाय वळवावा तशी.
तेव्हा मला वाटलं होतं, मी तिची लाज राखली.

"नाव घेतलं असतंस तर वाचला असता असं न्हाई,"
ती म्हणाली,
"पण त्या दिवशी अख्ख्या देवळात
मी एकटीच इतर होते की गं."

अकराशे चाळीस अजून सापडलेले नाहीत.
तिनं माफी मागितली नाही, मीही नाही,
निदान त्या शब्दात नाही.
आणि ज्या यादीत ते नाव घालायचं होतं
ती केव्हाच वाचून झालीय.
मी म्हटलं, मीठ बघ.
तिनं चिमूट जिभेवर ठेवली, म्हणाली, कमी आहे,
आणि दुसरी चिमूट माझ्या तळहातावर.

रविवारी ती खांबाआड आली.
मध्ये एक पिशवी मावेल एवढी जागा,
तिथं तिनं पिशवीच ठेवली.
ऋण सोडायची ती ओळ आली
की दोन वर्षं मी नुसतेच ओठ हलवते.
या वेळी शेजारी कान दिला.
त्या ओळीला तिचाही आवाज नव्हता.